एका यंत्रात दोन बिऱ्हाडे

मराठीच्या प्राध्यापकाला लोक काय काय विचारतात, याची एकदा यादी करायला हवी. लग्नपत्रिकेत 'आमचे येथे' छापावे की 'आमच्या येथे'. नव्या बंगल्याला कोणते नाव शोभेल. सोसायटीच्या पाटीवर 'वाहने लावू नये' की 'लावू नयेत'. हे तर नेहमीचेच. पण गेली काही वर्षे थेरगावात माझ्याकडे एक निराळाच प्रश्न येतो आणि व्याकरणाशी त्याचा काही संबंध नाही. दसरा जवळ आला, कंपन्यांच्या बोनसची कुजबुज सुरू झाली, की डांगे चौकात भाजी निवडताना कोणीतरी खांद्यावर हात ठेवतो. "सर, लॅपटॉप कोणता घ्यावा? कामालाही चालला पाहिजे आणि कधीमधी गेमही खेळता आला पाहिजे."

(गेम हा शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या आळीत दोन्ही चालतात.)

हा मान मला कसा मिळाला ते सांगायला हवे. २०२० च्या टाळेबंदीत कॉलेजचे तास घरबसल्या संगणकावरून घ्यायची वेळ आली आणि स्टाफरूममधल्या बऱ्याच मंडळींच्या लॅपटॉपची दुरुस्ती फोनवरून माझ्या गळ्यात पडली. मी काही यंत्रशास्त्र शिकलेलो नाही. मला फक्त मजकूर नीट वाचायची सवय आहे. लॅपटॉपच्या पेटीवरचा मजकूर नवकवितेइतका दुर्बोध दिसतो खरा. पण शब्दाला शब्द लावत बसले की त्याचाही अर्थ लागतो. शिवाय नवकवितेत नसते अशी एक सोय त्यात आहे: न समजलेली ओळ वाचकाच्या खिशातून किती पैसे काढते, ते लगेच कळते.

या प्रश्नातला सर्वांत लबाड शब्द 'कधीमधी' हा. कॉलेजातल्या पोराचे 'कधीमधी' म्हणजे रोज रात्री चार तास. बँकेतल्या चाळिशीच्या गृहस्थाचे 'कधीमधी' म्हणजे महिन्यातून दोन रविवार, तेही बायको माहेरी गेली असेल तर. आणि दुकानदाराच्या कानी तो शब्द पडला, की त्याचा अर्थ 'दुकानातला सर्वांत महाग नग' असा होतो. 'काम' हा शब्दही तितकासा सोवळा नाही. कोणाचे काम म्हणजे टॅली आणि एक्सेल; कोणाचे माझ्यासारखे प्रश्नपत्रिका आणि प्रुफे; आणि आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात अनेकांचे काम म्हणजे सॉलिडवर्क्स नाहीतर कॅटिया, म्हणजे लोखंडी भागांची त्रिमितीतली चित्रे. तेव्हा एका यंत्रात ही दोन बिऱ्हाडे ठेवायची असतील, तर कोणते बिऱ्हाड किती माणसांचे आहे, ते आधी मोजले पाहिजे. लोक मोजत नाहीत. का मोजत नाहीत, ते यंदा माझ्या बहिणीच्या घरी चांगलेच पाहायला मिळाले.

बहीण माझी थोरली. ती गणेशनगरात राहते. दाजी पंचवीस वर्षांपूर्वी करमाळ्याकडून इथे आले, लेथवर लागले, पुढे टूलरूममध्ये गेले. भाचीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि आता ती चाकणला एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात आहे. पहिल्या पाळीला पहाटेच कंपनीची बस गाठावी लागते. तिला तपासणीतून डिझाइनच्या खात्यात जायचे आहे. त्यासाठी संध्याकाळी चिंचवडला क्लास लावलाय; पण क्लासमधले यंत्र तासभरच वाट्याला येते, आणि तासाभरात चित्रकाम येत नाही. घरी लॅपटॉप हवा, यावर सगळ्यांचे एकमत होते. कोणता, यावर मात्र आठ दिवस जेवणे बिघडली होती.

"मास्तर, तुम्हीच सांगा," दाजी म्हणाले, "कामाचा लॅपटॉप पन्नास हजारांत मिळतोय. ही म्हणतेय ऐंशीचा पाहिजे. वरचे तीस हजार कशाचे? गेमचे! म्हणजे माझा बोनस मी खेळात घालवायचा?"

"निम्मे पैसे तिचे आहेत," ताईने आतून आठवण करून दिली.

"मामा, क्लासचे सर म्हणतात ग्राफिक्स कार्ड लागतंच," भाची म्हणाली. "अभ्यासासाठीच पाहिजे."

हे वाक्य आपल्याकडे घराघरांत बोलले जाते. पोराला गाडी हवी असते ती क्लासला जायला, मोबाइल हवा असतो तो नोट्ससाठी आणि लॅपटॉप अभ्यासासाठी. वाक्य सर्वस्वी खोटे नसते, म्हणून तर ते चालते. इथेही ते निम्मे खरे होते. त्रिमितीतला एखादा भाग कोरून काढायचा, त्याला भोके पाडायची, कडा गोल करायच्या, या कामाचा मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर नसतो. तो प्रोसेसरवर असतो, तोही बहुतेक एका वेळी त्याच्या एकाच गाभ्यावर. आणि रॅमवर असतो. हजार-हजार भागांची जुळणी स्क्रीनवर गरागरा फिरवायची झाली, तर मात्र स्वतंत्र कार्डाचा उपयोग जाणवतो. शिकाऊ माणसाला इतकी मोठी जुळणी बरेच दिवस लागत नाही. हल्ली प्रोसेसरच्या पोटातच जे ग्राफिक्स येते, ते ब्रॅकेट आणि गिअरबॉक्सच्या सरावाला पुरून उरते. मी हे सगळे तिला सांगितले. अमुक एक भाग, अमुक एक काम, असे नीट समजावून सांगितले.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग खरं सांगते, मामा. गेमसाठीपण पाहिजे. खोटं कशाला बोलू? निम्मा पगार घरात देते, बाकीचा साठवला तो यासाठीच."

दाजींनी माझ्याकडे पाहिले. पोरीने काहीतरी भयंकर कबूल केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्याचे कारणही मला ठाऊक होते. त्यांच्या खात्यातल्या एका जुन्या सोबत्याने मोबाइलवर रमी खेळून पीएफमधून काढलेले पैसे घालवले. तेव्हापासून दाजींच्या लेखी 'ऑनलाइन गेम' या शब्दाला एकच अर्थ उरला.

इथे मात्र मी मराठीचा मास्तर झालो. धर्मराज द्यूतात राज्य हरला. विटीदांडूत हरला असे महाभारतात कोठे नाही. पैसा लावून खेळणे आणि खेळणे या दोन गोष्टी निराळ्या, आणि आता कायदाही तेच म्हणतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांबाबतचा जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करायला सांगितले. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. आशियाई क्रीडास्पर्धांत हे खेळ २०१८ साली जकार्ताला नुसते प्रदर्शनापुरते होते. २०२३ मध्ये हांगझोऊला त्यांना पदके लागली. दाजींवर हांगझोऊचा काही परिणाम झाला नाही. तेव्हा मी जवळचा दाखला काढला. आपल्या थेरगावातल्या वेंगसरकर अकादमीत ऋतुराज गायकवाड घडला, हे दाजी येईल त्या पाहुण्याला अभिमानाने सांगतात. तिथे पोरे संध्याकाळभर बॅट फिरवतात, त्याला आपण वेळ घालवणे म्हणत नाही. "ते मैदानावर असतं," दाजी म्हणाले. मुद्दा त्यांचा बरोबर होता. मैदानाची सर खुर्चीला नाही. पण सकाळभर उभे राहून मापे घेतलेल्या मुलीने रविवारी रात्री दोन तास बसून खेळावे, यात मला तरी काही गैर दिसत नाही. आणि ती कोणाबरोबर खेळते, ते विचारल्यावर आणखी एक गोष्ट कळली. डिप्लोमाच्या वर्गातल्या तिच्या चार मैत्रिणी आता रांजणगाव, तळेगाव, छत्रपती संभाजीनगर अशा पांगल्या आहेत. प्रत्येकीची पाळी निराळी. रविवारी नऊ ते अकरा या खेळाच्या निमित्तानेच त्या एकमेकींशी बोलतात.

"किती तास खेळतीस?" दाजींनी पहिल्यांदाच तिला सरळ विचारले.

तिने उत्तर दिले नाही. कारण तिलाही ते ठाऊक नव्हते. म्हणून मी दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. क्लासचा सराव किती, मैत्रिणीच्या मशीनवर खेळणे किती, नुसते सिनेमे पाहणे किती, आणि यंत्र पाठीवर घेऊन किती फिरावे लागेल. असली वही हीच माझी एकुलती एक विद्या. गिऱ्हाइकांना ती आवडत नाही. त्यांना मॉडेलचे नाव हवे असते. दोन आठवड्यांनी वहीत निघाले ते असे: सराव आठवड्याला बारा तास, आणखी हवा होता पण यंत्र नव्हते, खेळ तीन तास, आणि आठवड्यातून पाच दिवस यंत्र चिंचवडच्या क्लासला न्यायचे. खेळांपैकी दोन तास व्हॅलोरंटचे. या खेळाला फारसे बळ लागत नाही. पोटातल्या ग्राफिक्सवरही तो बेताच्या मांडणीवर चालतो. उरलेल्या तासात तिला मोटारींच्या शर्यतींचा फोर्झा होरायझन हवा होता. त्याला मात्र खरोखर स्वतंत्र कार्ड पाहिजे.

इतके हातात आल्यावर यंत्र निवडणे हे काम उरते, आणि त्यात दाजींची मला अनपेक्षित मदत झाली.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाच्या नावात एक मोठी मेख आहे. आरटीएक्स ४०५० असे पेटीवर छापलेले असते. गिऱ्हाइकाला वाटते, ४०५० म्हणजे ४०५०. पण लॅपटॉपमधल्या या कार्डाला किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, आणि ती ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही असू शकते. नाव तेच, मेमरीही तीच ६ जीबी. पण एका पेटीतले कार्ड जिना चढताना धापा टाकते आणि दुसऱ्या पेटीतले दोन पायऱ्या एका दमात घेते. शब्द तोच आणि अर्थ संदर्भाने बदलणारा, हा प्रकार मला नवा नाही. पण दाजींना तो कसा सांगावा, या विचारात मी होतो. तोच ते म्हणाले, "म्हणजे इंजिन एकच, पण ट्यूनिंग वेगळं. आणि जास्त ट्यून केलं तर रेडिएटर मोठा लागणार."

अगदी असेच! लॅपटॉप म्हणजे उष्णता बाहेर काढायचा प्रश्न आहे, हे हिंजवडीतल्या कित्येक पदवीधरांना सांगून पटत नाही. टूलरूममधल्या माणसाला ते आपसूक कळले. वॅट वाढले की पंखे मोठे, तांब्याच्या नळ्या जास्त, पेटी जाड, वजन जास्त. पंखे जोरात फिरले की आवाज होतो, आणि दोन खोल्यांच्या घरात रात्री अकराला तो आवाज शेजारी निजलेल्या माणसालाही ऐकू येतो. उष्णता बाहेर पडली नाही, तर यंत्र स्वतःच आपला वेग कमी करते. जीव वाचवायला दुसरे ते काय करणार? एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तर सडपातळ देहाच्या आणि मोठ्या नावाच्या यंत्रांची फारच केविलवाणी अवस्था होते.

दाजी मग खुशीत आले. पुढचे सगळे बोलणे आमच्या गावच्या भाषेत, म्हणजे गाड्यांच्या भाषेत झाले. आकुर्डीच्या बजाजची चेतक १९७२ साली आली. एक काळ असा होता की नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्या एका स्कूटरवर नोकरी, भाजी, गॅसचा सिलिंडर, बायको आणि पुढे उभे केलेले पोर, एवढा संसार चालायचा. पण तिच्यावरून शर्यत लावावी असे कोणाच्या मनात आले नाही. २००१ साली पल्सर आली आणि तरुण पोरांना वेगाची चटक लागली; तिच्यावर सिलिंडर मात्र नीट बसेना. पन्नास हजारांचा 'कामाचा' लॅपटॉप म्हणजे चेतक आणि ऐंशीचा 'गेमिंग' लॅपटॉप म्हणजे पल्सर, असा हिशेब दाजींनी मांडला. आमच्या मुलीला हवी होती ती मधली गाडी.

पिंपरी कॅम्पातल्या आणि डांगे चौकाजवळच्या मिळून चार-पाच दुकानांत आम्ही तिघे फिरलो. दुकानातली पोरे वॅटचा आकडा सांगत नाहीत. कित्येकांना तो ठाऊकही नसतो. अशा वेळी यंत्राकडे न पाहता त्याचा चार्जर मागावा. साध्या कामाच्या लॅपटॉपचा चार्जर बहुधा ६५ वॅटचा असतो, मुठीत मावतो. दणकट गेमिंग लॅपटॉपचा १८० ते २४० वॅटचा. विटेएवढा, आणि वजनाला अर्धा किलो किंवा त्याहून जास्त. यंत्र किती खाते, हे ताटावरून ओळखावे. गेमिंग लॅपटॉपचा एक स्वभाव याच चार्जरवरून ध्यानात येतो: बॅटरीवर असताना तो आपले पूर्ण बळ वापरू शकत नाही, कारण तेवढी वीज बॅटरी देऊ शकत नाही. खेळायचे तर भिंतीजवळ बसूनच. म्हणजे तो 'कुठेही खेळा' म्हणून विकला जातो, ते काही खरे नाही.

एका दुकानात अडीच किलोचे यंत्र होते. कीबोर्डाखाली सात रंगांचे दिवे, झाकणावर कसलासा अक्राळविक्राळ प्राणी. मी ते चार्जरसकट भाचीच्या सॅकमध्ये घालायला लावले आणि तिला दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत जाऊन यायला सांगितले. दुकानदार घाबरला; दाजी तारण म्हणून आत बसून राहिले. परत आल्यावर ती म्हणाली, "रोज नाही जमणार." त्या एका फेरीने तीनशे जाहिरातींचे काम केले.

रॅमचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण त्यात पैसे जातात. पूर्वी मी सर्वांना सांगत असे की, ८ जीबीचे घ्या आणि पुढे सवडीने वाढवा. आता सांगत नाही. एक तर बऱ्याच सडपातळ यंत्रांत रॅम मूळ पाटीवरच डाग देऊन जडवलेली असते. ती जन्मभर तेवढीच. दुसरे असे की, २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या चिपांचे भाव जगभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी प्रचंड संगणकगृहे उभी राहत आहेत, त्यांनी हा माल उचलला आणि आपल्या वाट्याला महागाई आली. 'पुढे सवडीने' ही सवड स्वस्त पडेल असे धरून चालू नये. चित्रकामाला १६ जीबी हवीच, आणि ती शक्यतो ८ अधिक ८ अशी दोन खाचांत असावी. विशेषतः स्वतंत्र कार्ड न घेता पोटातल्या ग्राफिक्सवरच खेळायचे असेल, तर हे फार महत्त्वाचे. कारण ते ग्राफिक्स हीच रॅम वापरते, आणि एका नळापेक्षा दोन नळांनी हंडा लवकर भरतो.

स्क्रीनकडे कोणीच पाहत नाही, याचे मला माझ्या धंद्यामुळे फार वाईट वाटते. खेळणाऱ्याला स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते, तेवढेच हवे असते. १४४ असे लिहिले असले की तो खूश. पण स्वस्त गेमिंग लॅपटॉपची स्क्रीन पुष्कळदा फिकट आणि मिणमिणती असते, कारण सारा पैसा कार्डात गेलेला असतो. पेटीवर २५० निट्स आणि ४५ टक्के एनटीएससी असे दिसले, की समजावे, रंग धुवट निघणार. ३०० निट्स आणि पूर्ण एसआरजीबी असेल तर डोळे दुवा देतील. आपली लिपी तर फार नाजूक. रात्री साडेदहाला बारीक टायपात 'चिंता' आहे की 'चिता', हे ज्या स्क्रीनवर ओळखू येत नाही, ती मराठी माणसाने घेऊ नये. उंचीला थोडी जास्त, म्हणजे १९२० गुणिले १२०० ठिपक्यांची स्क्रीन मिळाली तर उत्तम. पानावर चार ओळी जास्त दिसतात आणि चित्रातही खालची पट्टी आड येत नाही.

मधे एका हितचिंतकाने जुन्या लॅपटॉपचा मार्ग सुचवला. हिंजवडीतल्या कंपन्यांतून निवृत्त झालेली यंत्रे साफसूफ करून निम्म्याहून कमी भावात मिळतात, आणि नुसत्या लिहिण्यावाचण्याला ती छान असतात. मी स्वतः एका होतकरू विद्यार्थ्याला तसे घेऊन दिले आहे. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची यंत्रे विंडोज ११ ला अधिकृतपणे चालत नाहीत. तेव्हा पिढी विचारून घ्यावे. आमच्या कामाचे ते नव्हतेच, कारण त्यांत कार्ड नसते. मॅकबुकही याच न्यायाने बाद झाले. यंत्र सुरेख, पण सॉलिडवर्क्स त्यावर थेट चालत नाही आणि तिचे खेळही चालत नाहीत. 'डॉस' असे लिहिलेले स्वस्त यंत्र दिसले तर भुलू नये. त्यात विंडोज नसते, ते वेगळे विकत घ्यावे लागते.

शेवटी ठरले ते यंत्र असे: १.८ किलो वजन, ४०५० कार्ड पण ६५ वॅटचे, १६ जीबी रॅम दोन खाचांत, ५१२ जीबीची डिस्क आणि आणखी एका डिस्कची मोकळी जागा. दिवे नाहीत, प्राणी नाही, राखाडी रंग. त्या वॅटवर फोर्झा मध्यम मांडणीवर नीट चालतो. काम चालू असताना कार्ड झोपून राहते, त्यामुळे बॅटरी क्लासपुरती टिकते. आणि कामापुरते चार्जिंग टाइप-सीच्या ६५ वॅटच्या लहान चार्जरवर होते, म्हणून मोठा चार्जर घरीच ठेवता येतो. किंमत बहात्तर हजार. कंपनीचे नाव मुद्दाम सांगत नाही. पुढच्या दिवाळीला ते मॉडेल बाजारात नसेल आणि वाचक मात्र हा अंक घेऊन दुकानात उभे राहतील.

पैसे देताना एक नाट्य झालेच. दुकानदार म्हणाला, "नो कॉस्ट ईएमआय आहे, काका. व्याज शून्य." दाजींचे डोळे लकाकले. मी विचारले, रोख दिले तर किती? तो दोन हजार कमी म्हणाला. ते दोन हजार म्हणजेच व्याज, फक्त नाव सोडून दिलेले. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते. शिवाय अशा हप्त्यांत बँक कागदोपत्री व्याज लावते, विक्रेता तेवढी सूट देतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बसते. हाती रक्कम नसेल तर हप्ता वाईट नाही. पण तो फुकट आहे असे समजून घेऊ नये. 'जीएसटी कमी झालाय ना?' असेही दाजींनी विचारून पाहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये एसी आणि मोठ्या टीव्हीचा कर २८ वरून १८ वर आला, हे खरे. लॅपटॉपवर मात्र आधीही १८ होता आणि नंतरही १८ राहिला. दाजींनी रोख रक्कम मोजली. निम्मी त्यांची, निम्मी तिची. बिल मात्र त्यांनी तिच्या नावावर करायला सांगितले.

घरी आल्यावर पहिली मोडता घातली ती गोधडीला. लॅपटॉपचे श्वास घ्यायचे भोक खाली असते. गोधडीवर किंवा उशीवर ठेवले की त्याचा गळा आवळल्यासारखे होते. त्यासाठी दाजींनी टूलरूमच्या सवयीने मोजून-मापून एक फळी केली, मागून दीड इंच उचललेली. दुसरी गोष्ट अर्थिंगची. आमच्याकडच्या जुन्या भाड्याच्या खोल्यांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकाला आत तार जोडलेली असेलच असे नाही. मग धातूच्या झाकणाला हात लागला की मुंग्या येतात आणि माणूस यंत्राला दोष देतो. वायरमन बोलावून ते आधी पाहून घ्यावे. यंत्र सदैव चार्जरवर राहणार असेल, तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करावी. भरलेली आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. डांगे चौकाची धूळ लक्षात घेता वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावा. आणि मराठीसाठी वेगळे काही विकत घेऊ नये: विंडोजमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड असतोच, तो युनिकोडात लिहितो, आणि पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला की बोटांना वळण पडते. भाचीला मी तेवढी एक अट घातली आहे. ती अजून 'क्ष'पाशी अडली आहे.

पहिल्या आठवड्यातच यंत्र खरे राबवून पाहावे. चार्जर लावून अर्धा तास जड खेळ चालवावा. मधेच बंद पडते का, कोपऱ्यातला एखादा ठिपका मेलेला आहे का, बिजागरी करकरते का, हे बघावे. बदलून मिळण्याची मुदत दुकानागणिक निराळी असते आणि ती फार थोडी असते. बिलावर सही घेण्यापूर्वी विचारून ठेवावी. यंत्राच्या पोटाखालचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे ना, हे तिथल्या तिथे जुळवून घ्यावे. आणि पेटी, आतल्या थर्माकोलसकट, वॉरंटी संपेपर्यंत टाकू नये. ताईने ती माळ्यावर, चकलीच्या डब्यांमागे ठेवली आहे.